गिटारची कॉइल आम्ही भरली तो आठवडा

तारीख अठरा मे, वार रविवार. हजर माणसं: अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे त्यांत नव्यानं तार गुंडाळून देणारे. माय. विलासदादा, माझा मोठा भाऊ, वय एकोणीस. हारुण मास्तर, ज्यांच्या बँजो पार्टीत दादा वाजवायचा. सखाराममामा, पाच हॉर्सपॉवरची जळालेली मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक. आणि मी, सुमन, वय पंधरा. ही नोंद मी त्याच संध्याकाळी वायंडिंगच्या वहीच्या शेवटच्या पानावर केली आणि ती वही अजून माझ्या कपाटात आहे. वर्ष लिहिलेलं नाही. काय घडलं तेही लिहिलेलं नाही, कारण लिहायला हात धजावला नाही. ते आता लिहिते. मी केलेल्या एका जोडणीमुळे त्या दिवशी माझ्या सख्ख्या भावाच्या हातात चालू लाइन गेली होती, आणि ते मला कळलं तेव्हा तो मोटारसायकलनंही अर्धा तास लागेल इतका लांब होता.

आमचं घर तीर्थपुरीत बाजाराच्या टोकाला होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर पत्रे. दुकानात तांब्याच्या तारेची रिळं, उघड्या पडलेल्या मोटारींचे सांगाडे आणि कोपऱ्यात एक लोखंडी पिंप. पिंपात दोनशे वॅटचे चार बल्ब लावलेले असत. मोटार भरून झाली की तिला वार्निश पाजायचं आणि त्या पिंपात दोन दिवस वाळत ठेवायची. त्यामुळे घराला बारा महिने वार्निशचा वास असायचा. माय चुलीवर भाकरी टाकायची तरी तो वास हटायचा नाही. भाकरी, लसणाचा ठेचा आणि वार्निश असं एकच जेवण आम्ही लहानपणभर जेवलो. अजूनही कुठे गरम भाकरीचा वास आला की माझं नाक त्यामागून वार्निश शोधतं. दिवसभराचा आवाज म्हणजे हातमशीनचा. त्या मशीनला हँडल होतं, एक काउंटर होता आणि प्रत्येक वेढ्याला ‘कट’ असा आवाज यायचा. अण्णा हँडल फिरवायचे आणि मी वही धरून बसायचे: मोटार कोणाची, किती हॉर्सपॉवरची, तार किती नंबरची, एका कॉइलला वेढे किती. आठवीपासून ती वही माझ्याकडे होती. अण्णांचं अक्षर त्यांनाही लागत नसे.

आमच्या घरात विजेवर पोट होतं आणि विजेचीच भीती होती. ही भीती अण्णांकडून आली. आजोबांपर्यंत आमची माणसं धावड्याकडच्या माळावर मेंढरं राखत होती; वीज त्यांच्या वाटेला आली ती अण्णांच्या लहानपणी. अण्णा दहा-बारा वर्षांचे असताना त्यांचे चुलते विहिरीवरच्या स्टार्टरला चिकटले. अण्णा त्यांना ओढायला धावले. कोणीतरी मागून त्यांचा सदरा धरला आणि त्यांना चिखलात पाडलं, म्हणून ते वाचले. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे त्यांना असं शिकवलं गेलं. त्या चुलत्यांचं नाव ते कधी घेत नसत, पण घरातले सगळे नियम त्यांच्यापासूनच निघाले होते. कशालाही हात लावायच्या आधी टेस्टर लावायचा. मग हाताची उलटी बाजू लावून बघायची, तळवा नाही. डावा हात कमरेमागे. पायात चप्पल. माय तर भाकरीचं पीठ मळता मळता दुकानातल्या आवाजाकडे कान ठेवून असायची. हातमशीन मध्येच थांबलं की तिचे हात परातीत थांबायचे, आणि ते पुन्हा सुरू झालं की पुन्हा मळायला लागायचे. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काही न्हाई, पाणी जास्त झालं.

अशा घरात दादानं जालन्याहून गिटार आणली. तो तिथे कॉलेजात होता आणि कॉलेजपेक्षा हारुण मास्तरांच्या बँजो पार्टीत जास्त होता. लग्नात, हळदीत, वरातीत इलेक्ट्रिक बँजो, ढोलक आणि ताशा घेऊन वाजवणाऱ्या या पार्ट्या आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहेत. मास्तरांना आपल्या पार्टीत गिटार हवी होती. दुसऱ्या कोणाकडे नव्हती. दादानं आणलेली गिटार लाल रंगाची, कोणाची तरी वापरलेली, स्वस्तातली. तारांखाली तीन पांढऱ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीत खिळ्यांची सहा डोकी, त्यांच्याभोवती केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली आणि तळाला लोहचुंबक. दादा त्यांना पिकअप म्हणायचा. तार हलली की पिकअपमध्ये वीज उठते आणि तीच वीज मोठी होऊन अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज बनून निघते, असं त्यानं मला सांगितलं. पण त्या गिटारचा आवाज काही उठत नव्हता. पातळ, कर्कश, आणि त्यामागे सतत एक घूंऽऽ, दादाच्या भाषेत हम. पार्टी पहिल्यांदा आमच्या दारावरून गेली तेव्हा हारुण मास्तर टेम्पोतून उतरून चहाला आले. दादाच्या गिटारकडे बोट करून मायला म्हणाले, “भाभी, तुमच्या पोरानं गिटार न्हाई आणली, मच्छर पाळलाय. बँजोच्या बाजूला बसून भुणभुण करून राह्यला.” माय पदर तोंडाला लावून हसली. दादा हसला नाही. मास्तर निघताना त्याला म्हणाले, “बेटा, रविवारी मोठं लग्न हाय. आवाज बराबर करून आण, न्हाईतर झांजा वाजव.”

त्या सोमवारी दादा गिटार घेऊन अण्णांसमोर बसला. “अण्णा, ही बी कॉइलच हाय. बघा की जरा.” अण्णा गिटारकडे तिरप्या नजरेनं बघत आले होते, पण कॉइल म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी तारा सैल करून घेतल्या, खालची एक पट्टी काढली, तिची दोन टोकं सोलली आणि रोज मोटारीच्या कॉइलला लावतात तशी सिरीज लॅम्पला लावली. सिरीज लॅम्प म्हणजे लाइनच्या वाटेत एक बल्ब. कॉइल शाबूत असेल तर तो बल्ब पेटतो. बल्ब पेटला नाही. अण्णा म्हणाले, “तुटेल हाय ही. हिच्यात जीवच न्हाई,” आणि खात्री करायला टोकं तशीच दाबून धरली. पाचएक सेकंदांत पट्टीतून बारीकसा पांढरा धूर निघाला.

आता आयटीआयच्या मुलांना हे शिकवताना मला एका वाक्यात सांगता येतं. इतक्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांना लॅम्प लावला तर तो पेटणारच नाही, आणि जी कॉइल हजाराव्या हिश्शाच्या विजेसाठी केलेली आहे ती सगळा करंट खाऊन जळेल. तेव्हा दुकानातल्या कोणालाच ते माहीत नव्हतं. मोटारीची कॉइल धरायची सवय, दुसरं काय. धडधाकट पिकअप आम्ही तपासून जाळला. दादानं तो वास घेतला, उठला आणि बाहेर लिंबाखाली जाऊन उकिडवा बसला. अण्णा खूप वेळ ती काळी पट्टी हातात फिरवत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुमे, वही घे. म्या जाळली, मी भरून देतो.”

पण त्यांना ती भरता येईना. शेहेचाळीस नंबरची तार दादानं जालन्यात एका रिले भरणाऱ्याकडून आणली. अण्णांच्या बोटांना ती लागतच नव्हती, दिसतही नव्हती. तीन वेळा तुटली. चौथ्या वेळी त्यांनी हँडल माझ्याकडे दिलं. दोन दिवस मी श्वास धरून फिरवत होते. तार बोटांच्या चिमटीतून जायची, आणि माझ्या बोटांना तिचा स्पर्श कळला की समजायचं ताण जास्त झाला, आता तुटेल. मूळचे वेढे किती होते ते जळून गेल्यामुळे कळायला मार्ग नव्हता. अण्णांनी मोटारीचा हिशेब लावला: “जागा हाय तितकी भर. तांबं जास्त, ताकद जास्त.” आठ हजार दोनशे वेढ्यांवर जागा संपली. मी वहीत लिहिलं: विलास, गिटार, तार शेहेचाळीस नंबर, वेढे आठ हजार दोनशे, सांधे तीन. मग अण्णा वार्निशचा डबा घेऊन आले. माय दारातून म्हणाली, “प्लास्टिक हाय ते. तुमच्या पिंपात घालून त्याचा पापड कराल.” तिनं देवापुढच्या मेणबत्त्या एका जुन्या वाटीत वितळवल्या, वाटी गरम पाण्यात ठेवली आणि पट्टी त्यात बुडवली. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत आम्ही चौघं त्या वाटीवर वाकून होतो. त्या आठवड्यात आम्ही चौघं एका जागी एवढा वेळ पुन्हा बसलो नाही. पुढेही फारसे बसलो नाही.

शुक्रवारी दादानं ती पट्टी बसवली आणि तार छेडली. पत्रे थरथरले. आवाज जाड, भरलेला, गुळाच्या पाकासारखा ओघळणारा होता. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला. दादा दोन सूर वाजवायचा आणि माझ्याकडे बघायचा, पुन्हा दोन सूर, पुन्हा माझ्याकडे. अण्णा पाठमोरे होते. पाना घासत होते, घासून झालेला पाना पुन्हा घासत होते. मग दादानं हात उचलला आणि ती घूंऽऽ आली. वेढे वाढले तसा आवाज वाढला होता, तशी घूंही दुप्पट झाली होती. दादाचा चेहरा पडला. त्यानं चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद गिटारच्या पोटात चिकटवला, वायरी जवळ घेऊन पिळल्या. थोडा फरक पडला, पण गेली नाही. अण्णा म्हणाले, “अर्थ बराबर न्हाई.” आमच्या दुकानाचा अर्थिंगचा खड्डा लिंबाशेजारी होता. कोळसा आणि मीठ घालून केलेला, रोज त्यात बादलीभर पाणी ओतावं लागायचं. त्या मे महिन्यात गावात टँकर येत होता. मायनं त्या खड्ड्याला आठ दिवस थेंब दिला नव्हता. “माणसाला प्यायला न्हाई अन् खड्ड्याला कुठून देऊ?” ती म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं.

शनिवारी दुपारी अण्णा एका विहिरीवर गेले होते, दादा आत झोपला होता. मी दुकानात एकटी होते. माझ्या डोक्यात अण्णांचंच एक वाक्य फिरत होतं. ते गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचे की न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, आणि अर्थ तिकडे डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, एकच होतात. मग खड्डा कोरडा असेल तर न्यूट्रल आहेच की. मी अ‍ॅम्प्लिफायरची तीन पिनांची टॉप, म्हणजे बोर्डात खुपसायचा प्लग, उघडली, आतमध्ये न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेपर्यंत बोटाच्या पेराएवढा तारेचा तुकडा जोडला आणि टॉप बंद केली. गिटार लावली. घूं गेली. पूर्ण गेली. मी तीन वेळा लावून-काढून पाहिलं. एवढं मोठं काम मी आजवर एकटीनं केलं नव्हतं. दादाला उठवून ऐकवलं तेव्हा त्यानं माझी वेणी ओढली आणि म्हणाला, “सुमे, तू बिलकुल मास्तर हायेस.” काय केलं हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वहीत मात्र सवयीनं लिहिलं: हम बंद. टॉपमध्ये अर्थ न्यूट्रलला जोडला. दादा त्याच संध्याकाळी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मास्तरांबरोबर गेला.

रविवारी सकाळी सखाराममामा मोटार घेऊन आले. तिचे जुने वेढे बघायला अण्णांनी वही उघडली. ते पान उलटता उलटता थांबले. “सुमे, हे काय लिव्हलं?” मी अभिमानानं सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. त्यांनी मला ओरडून काही विचारलं नाही; अगदी हळू विचारलं, “पार्टी जनरेटरवर हाय ना?” मी म्हटलं, असते की नेहमी. लग्न ज्या वस्तीवर होतं तिच्याजवळचेच सखाराममामा होते, जांब समर्थच्या पुढे. ते तंबाखू मळत म्हणाले, “जनरेटर कशाला? म्या येताना पाह्यलं ना, पोरांनी खांबावर आकडा टाकेल हाय. मांडवातले पंखे बी त्याच्यावरच.”

आकडा म्हणजे दोन वायरींची टोकं वाकवून बांबूनं खांबावरच्या तारांवर अडकवायची. कोणती वायर कोणत्या तारेवर, हे अडकवणाऱ्याला ठाऊक नसतं आणि त्याला फरक पडत नाही. पंखा दोन्हीकडून फिरतो. पण माझ्या टॉपला फरक पडत होता. वायरी उलट अडकल्या असतील तर न्यूट्रलच्या जागी लाइन आली असेल. तिथून माझ्या तुकड्यातून अर्थच्या पिनेत, तिथून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यात, आणि केबलमधून सरळ गिटारच्या सहा तारांत. अण्णांना हे समजावून सांगायला लागलं नाही. त्यांनी मोटारसायकलला लाथ मारली, मी मागे बसले, माय दारात पिठाच्या हातांनी उभी राहिली. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, “जल्दी जा.”

त्या वाटेवर मी काय केलं ते मला लाजिरवाणं वाटतं, पण तसंच लिहिते. मी यादी केली. मोठ्यानं नाही, मनात. एक, दादाच्या पायात चप्पल असेल का? मांडवात चपला बाहेर काढतात. दोन, जमीन ओली असेल का? मांडवात धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडतात. टँकरचं पाणी असलं तरी लग्नात शिंपडतातच. तीन, त्याचा डावा हात तारांवर असेल. उजवा कशावर असेल? चार, वायरी सुलट अडकल्या असण्याची शक्यता निम्मी. निम्मी या शब्दावर मी परत परत येत होते आणि तो मला प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान वाटत होता. ऊन इतकं होतं की रस्त्यावर पाणी दिसत होतं. अण्णांच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती आणि त्यांचं काळीज माझ्या कपाळाला लागत होतं. वाटेत एकदाच ते बोलले. “काई बी झालं तरी त्याला हात लावायचा न्हाई. ऐकलं का? म्या लावला तर मलाबी ओढायचं न्हाई.”

लांबून बँजो ऐकू आला आणि मग गिटार. ती ऐकू येतेय म्हणजे तो जिवंत आहे, एवढंच मला कळलं. मांडवाच्या तोंडाशी दोन लाकडी तख्तं जोडून पार्टीला बसायची जागा केली होती. दादा अगदी कडेला उभा होता, अनवाणी, गिटार गळ्यात, डोळे मिटलेले. तख्ताखालची जमीन ओली काळी होती. कोरडं लाकूड पायाखाली होतं म्हणून तो वाजवत होता. त्याला ते माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं तो नुसता वाजवतोय. नंतर कळलं, अ‍ॅम्प्लिफायरला हात लागला की हारुण मास्तर सकाळपासून म्हणत होते, तुझा डब्बा चिमटे घेऊन राह्यला रे, नवीन सुनेसारखा. सगळे हसत होते.

अण्णा तख्ताच्या मागून गेले आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला. भर उन्हात टेस्टरचा दिवा दिसत नाही. त्यांनी दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि डोळा जवळ नेला. मी शेजारी होते. मला त्यांच्या तळव्याच्या अंधारात लाल ठिपका दिसला. टॉप तख्ताखाली ओल्या चिखलातल्या बोर्डात होती, तिथे हात घालता येत नव्हता. अण्णांनी मान वर केली, खांबाकडे बघितलं आणि मला बोटानं खूण केली. खांबाला आकड्याचा बांबू टेकवून ठेवलेला होता. मी पळाले. पळता पळता मागे वळून पाहिलं तेव्हा अण्णा पुढच्या बाजूला, दादासमोर आले होते, दोन्ही हात वर करून त्याला थांब म्हणत होते. आवाज इतका होता की एक अक्षर ऐकू जात नव्हतं. दादानं डोळे उघडले. अण्णा त्याचं वाजवणं ऐकायला कधी आले नव्हते. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. त्यानं डावा हात तारांवर तसाच ठेवला आणि उजवा हात पुढे करून, तख्ताच्या कडेवरून, भर मांडवात, अण्णांच्या पाया पडायला वाकला.

अण्णांनी मागे उडी मारली. साप बघून माणूस मारतो तशी. दादाचा हात रिकाम्या हवेत राहिला. तो आणखी वाकला, एक पाय खाली टाकायला त्यानं तख्तावरून उचलला, अण्णा आणखी मागे सरले, आणि त्याच क्षणी मी बांबूनं दोन्ही आकडे खाली पाडले.

सगळं बंद झालं. पंखे, माइक, अ‍ॅम्प्लिफायर. ताशाचे दोन ठोके एकटेच वाजले आणि तेही थांबले. दादाचा पाय चिखलात टेकला होता. नवरीचा मामा धावत आला. “कोन हाय रे ते? मुहूर्ताच्या टायमाला आकडा कुनी काढला?” माझ्या हातात बांबू होता. मी तोंड उघडलं. अण्णा माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभे राहिले. “म्या काढायला लावला. माझ्या पोरानं लोकाच्या लग्नात तुणतुणं वाजवलेलं मला चालत न्हाई.” एवढं बोलून त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरची टॉप उपसली, चाकूनं वायर कापली आणि टॉप खिशात घातली. मागून कोणीतरी म्हणालं, मोटारवाल्याला ऊन लागलं. दोघं-तिघं हसले. हारुण मास्तर म्हणाले, “भाऊ, हे बराबर न्हाई केलं तुम्ही. पोरगं पाया पडून राह्यलं अन् तुम्ही…” दादा अण्णांकडे बघत होता. तो रडला नाही. त्यानं गिटार गळ्यातून काढली, नीट पुसली आणि विचारलं, “घरी सांगितलं असतं तर? इथंच यायचं व्हतं?” अण्णा म्हणाले, “घरी चल.” तो आला नाही. पार्टीनं आकडा पुन्हा टाकला, गिटारशिवाय वाजवलं, आणि दादा त्यांच्याबरोबर जालन्याला गेला. तो दोन दिवाळ्या घरी आला नाही.

परतताना अण्णांनी वाटेत मोटारसायकल थांबवली, खाली बसले आणि उलटी केली. मग टॉप उघडून माझा तुकडा काढला आणि लांब रानात फेकला. मी विचारलं, “दादाला सांगू का?” त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. “काय सांगशील? की त्या तारांत लाइन व्हती? मंग त्याला उभ्या जन्मात तार धरवायची न्हाई. मला ठावं हाय ते. त्यापरीस बाप वाईट हाय असं समजू दे. वाजवायचं तर सोडणार न्हाई.” नंतर म्हणाले, “अन् तुझं नाव निघायला न्हाई पाहिजे.” मी तसा शब्द दिला. दुकानात आल्यावर त्यांनी मला वहीतली ती ओळ खोडायला सांगितली. मी खोडली, पण वाचता येईल इतपतच.

अण्णांनी सांगितलं तसंच झालं. दादानं वाजवणं सोडलं नाही. आज तो पन्नाशी ओलांडलेला आहे, जालन्यात त्याचं वाद्य दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, पोरं त्याच्याकडे शिकायला येतात. लाल गिटार त्याच्याकडे आहे. तिच्यातल्या दोन पट्ट्या त्यानं केव्हाच बदलून चांगल्या घातल्या. मी भरलेली तेवढी ठेवली आहे, म्हणतो असा आवाज विकत मिळत नाही. मी एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवते. दर वर्षी टॉपमध्ये अर्थ आणि न्यूट्रल का जोडायचे नाहीत हे शिकवताना मी ही हकिगत ‘एका गावात’ म्हणून सांगते. मुलं वहीत उतरवून घेतात.

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात दादानं त्यांचं सगळं केलं, पण दवाखान्यातून घरी नेताना, त्यांना उचलण्याआधी, तो क्षणभर थांबायचा. हात लावू का, असं विचारल्यासारखा. ते थांबणं माझ्याशिवाय कोणाला दिसत नसावं. मागच्या महिन्यात तो माझ्याकडे जेवायला आला होता. जेवता जेवता सहज म्हणाला, “अण्णा पाठीमागं सरले व्हते बघ, भर मांडवात. बाकी सगळं इसरलो मी. तेवढं कसं काय न्हाई जात?” मी त्याला भाकरी वाढली. भाजीत मीठ बराबर आहे का विचारलं.

हे प्रकरण लिहून झालं, सोळा पानं झाली. छापायला देण्याआधी विलासदादाला वाचून दाखवायचं, असं मी उरलेल्या कामांच्या यादीत लिहिलं आहे. अण्णांना दिलेला शब्द मोडतो की नाही याचा विचार करून झाला. मोडतो, आणि मोडायला हवा. गेल्या रविवारी तो आला तेव्हा पानं टेबलावरच होती. तो चष्मा विसरला होता, म्हणून त्यानं मला विचारलं, “काय लिव्हून राह्यली, सुमे?” मी म्हटलं, वर्गाचं काम आहे. तो गेल्यावर मी पानं क्रमानं लावली, टाचणी मारली आणि यादी काढली. त्या ओळीपुढे खूण करायची अजून बाकी आहे.